बिनरंगाची स्लाईड

लिशमनचा, म्हणजे रक्ताच्या पेशी रंगवायच्या जांभळ्या स्टेनचा, डाग साबणानं जात नाही. मेथॅनॉलच्या बोळ्यानं थोडा उतरतो, पण नखांच्या कडेला जो बसतो तो बसतोच. कुणाच्या लग्नात मेंदी काढायला हात पुढे केला की मेंदीवाली मुलगी आधी बोटं बघायची आणि विचारायची, "काकू, जांभळं खाल्लीत का?" 1985 ते 2019, पुण्यात कर्वे रस्त्याच्या एका आतल्या गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. निवृत्त झाल्यावर पाच-सहा महिन्यांनी एकदा कणीक मळताना लक्षात आलं, बोटं स्वच्छ झालीत. बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

रक्ताची स्लाईड रंगवणं हे पोह्यांना फोडणी देण्याइतकं हातातलं काम, आणि तितकंच क्षणात बिघडणारं. थेंब काचेच्या एका टोकाला ठेवायचा. दुसरी काच तिरकी धरून त्याला टेकवायची, थेंब तिच्या कडेनं पसरला की एका दमात पुढे ढकलायची. हात बसला असेल तर जिभेसारखा आकार येतो, शेवटाला पिसासारखा विरळ. वाळली की स्टँडवर आडवी ठेवून वर लिशमन. त्यातलं मेथॅनॉल दोन मिनिटांत पेशींना काचेवर खिळवून टाकतं. मग दुप्पट बफर, 6.8 पीएचचं, आणि ड्रॉपरनं फुंकर मारत दोन्ही एकजीव करायचं. सात ते दहा मिनिटांत वर सोनेरी-हिरवट साय धरते. मेख आहे ती इथे. धुताना स्लाईड उचलून स्टेन ओतून द्यायचा नाही. ती आडवीच ठेवून वरून पाण्याची बारीक धार सोडायची, म्हणजे साय तरंगत वाहून जाते. आधी ओतलंत तर ती खाली बसते, पेशींवर. त्याला आम्ही डिपॉझिट म्हणायचो. या डिपॉझिटकडे मला परत यायचंच आहे.

माझी भाची सई भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते. दोन वर्षांपूर्वी भाऊबिजेला दादाकडे गेले होते तेव्हा ताटात करंजी वाढता वाढता म्हणाली, "आत्या, मी पण आता पेशीच बघते. पण स्टेन न करता."

"मग दिसतं काय?"

"तेच तर काम आहे ना!"

खरं सांगायचं तर मला जरा लागलं. चौतीस वर्षं जे केलं त्याच्याशिवाय भागतं असं कुणी करंजी वाढताना सांगू नये. म्हणून मीही ऐकवलं. बिनरंगाची पेशी आम्ही रोज बघायचो, लघवीत. सेंट्रिफ्यूज करून खालचा गाळ स्लाईडवर घ्यायचा, कव्हरस्लिप ठेवायची, कंडेन्सर खाली, डायफ्रॅम आवळलेला. नवीन आलेली पोरं पहिली चूक हटकून हीच करायची, दिसत नाही म्हणून दिवा मोठा करायची. दिवा मोठा केला की होतं नव्हतं तेही पुसलं जातं. उजेड कमी करत गेलं की मग लाल पेशीची कड, पू-पेशीतले दाणे, कास्टची नळी असं एकेक वर येतं, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी समोरच्या टेकडीच्या घड्या दिसू लागतात तसं.

आणि मलेरियाचा परजीवी पहिल्यांदा दिसला तो तरी कुठे रंगवून? 1880 च्या नोव्हेंबरात, अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनच्या लष्करी इस्पितळात लॅव्हरां नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ताज्या रक्ताचा थेंब तसाच काचेखाली ठेवला होता. काळपट कण असलेले गोल, आणि त्यांच्या कडेनं चाबकासारखे वळवळणारे धागे. मेथॅनॉल ओतलं असतं तर वळवळ जागच्या जागी संपली असती आणि ते जिवंत आहे हे त्याला कळलं नसतं. या शोधासाठी 1907 चं नोबेल मिळालं त्याला. लिशमननं आपला स्टेन जाहीर केला तो 1901 साली. म्हणजे मी ज्या रंगाशिवाय मलेरिया शोधायची कल्पनाही करू शकत नाही, तो रंग यायच्या वीस वर्षं आधी मलेरिया सापडला होता.

सईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला माहीतच नव्हतं. पण आत्या, तुझ्या लेन्सवर 1.25 लिहिलेलं असायचं ना?"

असायचं. शंभरच्या ऑइल लेन्सच्या गळ्यात कोरलेला आकडा. झायलीननं लेन्स पुसताना रोज नजरेखालून जायचा, शेवटच्या दिवशीसुद्धा गेला. तो काय आहे हे मी कधी विचारलं नाही. आपल्याकडे टेक्निशियननं विचारायची पद्धतच नाही, आणि विचारलं तरी सांगणाऱ्याला वेळ नसतो.

लेन्स किती पसरट कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं ते माप, असं सांगून सईनं पेपर नॅपकिनवर गणित करून दाखवलं. प्रकाशाच्या लाटेच्या लांबीला त्या आकड्याच्या दुपटीनं भागायचं. हिरव्या प्रकाशाची लाट साधारण 550 नॅनोमीटर, भागिले अडीच, आले 220. एवढ्याहून जवळ असलेले दोन ठिपके लेन्सला एकच वाटतात. लेन्स कितीही चांगली घासा, कितीही पैसे मोजा. येनामध्ये झाइसच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या एर्न्स्ट अ‍ॅबेनं हे 1873 साली मांडलं. लाल पेशी साडेसात मायक्रॉन, म्हणजे 7500 नॅनोमीटर. ती आरामात दिसते. जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपास, तोही दिसतो. डेंग्यूचा विषाणू 50 नॅनोमीटरचा. तो दिसत नाही, दिसणारच नाही. म्हणूनच डेंग्यूत आम्ही प्लेटलेट मोजत बसायचो, चोर सापडत नाही म्हणून फुटलेल्या काचा मोजाव्यात तसं.

असं का, हे मला खडकवासल्याच्या पाण्यावरून कळलं. म्हणजे तिनं दिलेलं उदाहरण ते. पाण्यात एक काठी रोवलेली आहे. मोठी लाट येते, काठीला वळसा घालते आणि पुढे जाते. काठावर बसलेल्याला त्या लाटेकडे बघून वाटेत काठी होती याचा पत्ता लागत नाही. पण काठीच्या बुडाशी वाकून बघितलंत तर तिथे पाण्याची बारीक खळबळ असते, काठीच्या अंगाला धरून. वीतभर पुढे गेलं की ती विरते. पेशीवर प्रकाश पडला की तिथेही अशीच खळबळ होते. पेशीच्या अंगाला चिकटून, लाटेच्या लांबीच्या एका तुकड्याएवढ्या अंतरात, सगळा बारीक तपशील असतो. लेन्सपर्यंत तो पोचतच नाही. तेव्हा तो हवा असेल तर काठावर बसून चालायचं नाही, पाण्यात उतरावं लागतं. सईचं यंत्र तेच करतं, नियर-फील्ड मायक्रोस्कोप म्हणतात त्याला.

ही मुलगी सहावीत असताना 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मी तिला नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण बघायला घेऊन गेले होते. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरांत पसरलेल्या. तिथल्या माणसानं सांगितलं होतं की तारे लांब आहेत, जवळ जाता येत नाही, म्हणून डोळा मोठा करायचा. इतका मोठा करायचा की तो जुन्नर तालुक्यात मावेनासा होईल. आता हीच मुलगी उलट्या टोकाला जाऊन बसली. डोळा शंभर नॅनोमीटरचा, आणि पेशीपासून त्याचं अंतर दहा. दहा नॅनोमीटर म्हणजे किती, हे डोक्यात शिरेना तेव्हा म्हणाली, "नख सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं. दहा सेकंदांत तुझं नख जेवढं वाढेल तेवढं." मी नखाकडे बघत राहिले. जांभळी कड कुठे गेली होती ते तेव्हा कळलं.

प्रत्यक्ष यंत्र बघायला गेले ते पुढच्या जानेवारीत, रात्री. रात्रीच का, तर दिवसा विद्यापीठ चौकाकडे मेट्रोचं काम आणि वाहतूक, जमीन सारखी थरथरायची. यंत्राचं टेबल हवेच्या पायांवर तरंगतं, तरी खालून आलेला धक्का पूर्ण मरत नाही. थंडी कडाक्याची. सईनं मला शाल घेऊन यायला सांगितलं होतं, कारण तिथला एसी बंद करता येत नाही आणि चालूही ठेवता येत नाही असं काहीसं प्रकरण होतं. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. निघालं शिवणयंत्राएवढं. वर पांघरूण म्हणून चक्क पुठ्ठ्याचं खोकं, आतून काळा कागद चिकटवलेलं.

त्या यंत्रातला एक भाग मात्र मी ओळखला, कारण तो आमच्या घरातला होता. दादाचं बुधवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, जिन्याखालचं. क्वार्ट्झची घड्याळं आल्यावर त्याच्या धंद्याचं कंबरडं मोडलं. "मशीन बिघडलं की फेकायचं, यात दुरुस्त काय करणार" असं म्हणत तो डोळ्याचं भिंग कपाळावर सारून बसायचा. त्या क्वार्ट्झ घड्याळात तांदळाच्या दाण्याएवढी पत्र्याची नळकांडी असते. ती कापली की आत दोन बोटांचा चिमुकला काटा निघतो, सतारीच्या सुराला लावायच्या ट्यूनिंग फोर्कसारखा. सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा सरळ दोननं पंधरा वेळा भागला की एक उरतो, आणि घड्याळाला एक सेकंद मिळतो. सई हेच काटे वापरते. एका बोटाला काचेचा धागा डिंकवते, ऑप्टिकल फायबर, 125 मायक्रॉन जाडीचा. धागा काट्याबरोबर आडवा थरथरतो. पेशीच्या अगदी जवळ आला की ही थरथर अडखळते, आणि ती किती अडखळली यावरून अंतर कळतं. ही युक्ती 1995 पासूनची. ज्या वस्तूनं बापाचं दुकान बसवलं तिच्यावर लेकीची पीएच.डी. उभी आहे, हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग मला कमिशन दे म्हणावं."

धाग्याचं टोक करणं हे काचेवर थेंब पसरून स्मिअर करण्यासारखंच हाताचं काम. लेसरनं धागा मधोमध तापवायचा आणि दोन्हीकडून ओढायचा, पाकाची तार ओढावी तसा. तुटतो तिथे निमुळतं टोक तयार होतं. मग निर्वात पेटीत तो धागा स्वतःभोवती फिरवत ठेवायचा आणि मागच्या बाजूनं, तिरक्या दिशेनं अ‍ॅल्युमिनियमची वाफ सोडायची. अंगावर मुलामा चढतो, पण शेंडा सावलीत असल्यामुळे कोरा राहतो. तेवढंच ते छिद्र. धाग्यात सोडलेल्या प्रकाशातला लाखातला एखादा भाग त्यातून बाहेर येतो, कधी तेवढाही नाही. प्रकाश वाढवला तर मुलामाच वितळतो. म्हणजे इथेही दिवा मोठा करून चालत नाही! मी हसले, तिला कळेना का.

आठवड्यात दहा टोकं केली तर तीन कामाची निघतात, असं ती म्हणाली. माझ्यासमोर एक खाली उतरवताना मोडलं. आवाज नाही, काही नाही. पडद्यावरची रेघ एकदम सपाट झाली. सई खुर्चीत मागे टेकली आणि मिनिटभर छताकडे बघत राहिली. तो चेहरा मी ओळखते. शेवटचा थेंब संपवून केलेली स्लाईड हातातून निसटली की माझा तोच व्हायचा.

दुसरं टोक चिकटवून वाळेपर्यंत तासभर गेला. चहा झाला. तेव्हा तिनं मला या विद्येच्या मूळपुरुषाची गोष्ट सांगितली. एडवर्ड सिंज, आयर्लंडचा. ना विद्यापीठात नोकरी, ना प्रयोगशाळा. एकटा विचार करत बसणारा माणूस. 1928 साली त्यानं लिहिलं की धातूच्या पातळ पडद्याला प्रकाशाच्या लाटेहून लहान छिद्र पाडा, नमुना त्याच्या अगदी जवळ आणा आणि ठिपक्यामागून ठिपका सरकवत चित्र जुळवा. आधी त्यानं आइन्स्टाइनला पत्र लिहून विचारलं होतं; आइन्स्टाइननं छापा म्हणून कळवलं. 1932 मध्ये नमुना सरकवण्यासाठी क्वार्ट्झचे स्फटिक वापरता येतील हेही त्यानंच सुचवलं. करून मात्र काहीच बघता आलं नाही. तेवढं बारीक छिद्र पाडणारं कुणी नव्हतं. पुढे त्याला मानसिक आजारानं गाठलं आणि 1957 मध्ये तो गेला. 1972 साली लंडनमध्ये अ‍ॅश आणि निकोल्स यांनी तीन सेंटिमीटरच्या सूक्ष्मलहरींवर ही कल्पना खरी करून दाखवली, लाटेच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील मिळाला. दृश्य प्रकाशात ते जमायला 1984 उजाडलं. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत डीटर पोल यांनी केलं, आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातला एक गट त्याच सुमाराला तिथे पोचला.

पोल यांनी त्याला नाव दिलं होतं ऑप्टिकल स्टेथोस्कोप. हे मला फार आवडलं. छातीतल्या ठोक्याच्या आवाजाची लाट कित्येक मीटर लांब असते. लाटेच्या हिशेबानं पाहिलं तर डॉक्टरला हृदय छातीत आहे की शेजारच्या खोलीत हेही कळता कामा नये. पण नळी छातीवर टेकवून ते झडपेची जागासुद्धा बोटभर अंतरात सांगतात. कारण टेकवतात म्हणून.

एरिक बेट्झिगचं प्रकरण मात्र सई जरा खालच्या आवाजात सांगते. हाही कॉर्नेलच्याच गटात शिकलेला. 1991 मध्ये बेल लॅबमध्ये त्यानं ओढलेल्या धाग्यांची टोकं वापरून हे यंत्र कामाला लावलं, नंतर तिथेच एकेक रेणूही बघितला, आणि मग कंटाळला. जिवंत पेशी मऊ, ओली, उंचसखल; टोक तिच्यावर चालवणं म्हणजे चिखलात उंच टाचांनी चालणं. तो सगळं सोडून मिशिगनमध्ये वडिलांच्या कारखान्यात गेला. काही वर्षांनी परतला, मित्राच्या घरी दिवाणखान्यात वेगळंच यंत्र जुळवलं आणि 2014 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला आणखी दोघांबरोबर मिळालं. ते कशाला? तर पेशीत चमकणारे रेणू पेरून, ते थोडे थोडे करून उजळवून चित्र काढण्याला.

"म्हणजे स्टेनलाच की!"

"हो," सई म्हणाली. "म्हण तसं."

मी दुसरा चहा घेतला.

रात्री साडेअकराच्या सुमारास स्कॅन सुरू झालं. माझ्याच गालाच्या आतल्या पेशी, स्वच्छ कापसाच्या काडीनं काढलेल्या, काचेवर वाळवलेल्या. रंग नाही, मेथॅनॉलही नाही. दहा मायक्रॉनचा चौकोन, 256 ओळी, ओळीत 256 ठिपके, एकेका ठिपक्याला वीस मिलिसेकंद. सगळे मिळून 65,536 ठिपके, काट्याच्या थरथरीच्या बरोबर दुप्पट. दोन्ही दोनाचेच घात, त्यामुळे योगायोग म्हणता येत नाही. बावीस मिनिटं लागतात. ओळीमागून ओळ, हातमागावर कापड उतरावं तसं चित्र वरून खाली येतं. पडद्यावर दोन चौकटी. डावीकडे टोक किती वरखाली झालं त्याचं, म्हणजे उंचीचं चित्र. उजवीकडे प्रकाशाचं.

चित्र सुंदर होतं. पेशीच्या पृष्ठभागावर बारीक वळ्या, भिजवून सुकलेल्या बोटाच्या सालीसारख्या, आणि मध्ये केंद्रकाचा उंचवटा. लिशमनखाली हीच पेशी म्हणजे निळसर चादर आणि जांभळा ठिपका, बस्स. ही घडी-घडी मी जन्मात बघितली नव्हती. सई माझ्याकडे बघत होती. मी जरा वेळ काही बोलले नाही. मग विचारलं, "दोन्ही चित्रांत त्याच जागी तेच कसं काय?"

"हो ना! किती छान जुळतंय!"

"जुळतंय म्हणूनच विचारते."

आता डिपॉझिटकडे येते. 1994 च्या जुलैत पाऊस लागून राहिला होता आणि दिवसाला साठ-सत्तर तापाच्या स्लाईड होत्या. घाई. एका बारा वर्षांच्या मुलाची स्लाईड मी धुताना आधी ओतली, मग पाणी सोडलं. मायक्रोस्कोपखाली लाल पेशींवर निळसर-जांभळे कण, एक-दोन ठिकाणी तर थेट खड्याची अंगठी म्हणतात तशी निळी कडी आणि तांबडा ठिपका. मलेरिया पॉझिटिव्ह लिहून टाकलं. क्लोरोक्विन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ताप हटेना म्हणून लॅबच्या डॉक्टर मॅडमनी स्लाईड मागवली, मला शेजारी बसवलं आणि काही न बोलता बारीक फोकसचा स्क्रू किंचित फिरवला. पेशी पुसट झाली, आणि कण लख्ख. कण पेशीच्या आत नव्हताच, वर बसलेला होता. माझी सायच ती. मुलाला टायफॉइड निघाला. बरा झाला, पण दोन दिवस कडू गोळ्या माझ्यामुळे गिळल्या त्यानं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "रंगाला काय दिसलं आणि आपल्याला काय दिसलं, यात फरक असतो हं."

हे सईला सांगितलं आणि म्हटलं, तुझ्या यंत्राला बारीक फोकसचा स्क्रू कुठे आहे? तो फिरवून बघ.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर पण परवा हेच म्हणाले." टोक पेशीच्या उंचसखल अंगावरून चढतं-उतरतं. चढ-उतार झाला की छिद्र आणि पेशी यांच्यातला प्रकाशाचा हिशेब बदलतो, आणि उंचीचं चित्र प्रकाशाच्या चित्रात झिरपतं. चित्र देखणं येतं, पण त्यात प्रकाशाचं काही नसतं. 1997 मध्ये या फसगतीवर एक सविस्तर लेख छापून आला, आणि लिहिणाऱ्यांत स्टेथोस्कोपवाले पोल स्वतः होते. स्वतःच्या यंत्राचं डिपॉझिट स्वतः दाखवलं त्यांनी. माझा या माणसाबद्दलचा आदर इथे वाढला, आधीचं सगळं ठीक आहे. उपाय सोपा, पण जिवावरचा: टोकाला चढू-उतरू द्यायचं नाही, एकाच उंचीवर सरळ न्यायचं. मध्ये उंचवटा आला तर टोक गेलं.

सईनं पेशीचा त्यातल्या त्यात सपाट कोपरा शोधला आणि तसं केलं. वळ्या जवळजवळ सगळ्या गेल्या. उजव्या चौकटीत राहिली ती राखाडी धूसर पसरट छाया आणि तीत दोन-तीन गडद ठिपके. देखणं काही नाही. कुणाला दाखवलं तर विचारतील, बिघडलंय का? पण डावीकडच्या चित्रात त्या जागी काहीच नव्हतं. म्हणजे ते ठिपके उंचीचे नव्हेत. प्रकाशानं स्वतः पाहिलेले. आणखी चार दिवस तेच पुन्हा पुन्हा दिसल्याशिवाय त्यांना ठिपके म्हणायचं नाही, असं तिनं वहीत लिहिलं.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. फॅल्सिपेरम या घातक जातीच्या मलेरियात रक्ताच्या स्लाईडवर परजीवीच्या फक्त कोवळ्या अंगठ्या आणि केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट, म्हणजे पुढे डासात जाणारी त्याची रूपं, दिसतात. मधल्या वाढलेल्या अवस्था सहसा दिसत नाहीत. हे आम्ही पाठ केलेलं. का, तर त्या पेशी आतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, बोटातून काढलेल्या थेंबात येतच नाहीत. आणि चिकटतात कशानं? लाल पेशीच्या अंगावर परजीवी बारीक गाठी उठवतो, एकेक साधारण 100 नॅनोमीटरची. माझ्या 1.25 च्या लेन्सला 220 च्या खालचं कळत नाही. म्हणजे ज्या गाठींमुळे मेंदूचा मलेरिया होतो, त्या माझ्या डोळ्यासमोरच्या काचेवर आल्या असत्या तरी मला दिसल्या नसत्या. अमेरिकेतल्या एका गटानं 1997 मध्ये याच जातीच्या यंत्राखाली मलेरियाच्या लाल पेशी ठेवून परजीवीची प्रथिनं आणि पेशीची स्वतःची प्रथिनं कुठे कुठे बसतात ते टिपलं. त्यांनीही दोन रंग लावले होते. चमकणारे, पण रंगच.

"मग तू बिनरंगाचा हट्ट कशाला धरतेस?" मी विचारलं.

तिचं म्हणणं असं की रंग ज्याला चिकटतो तेवढंच दाखवतो, बाकीची पेशी आहे की नाही याबद्दल तो बोलत नाही. आणि रंगाचा रेणू कधी कधी ज्याला चिकटतो त्याची चालही बदलतो. तिला पुढे अवरक्त प्रकाशाकडे जायचंय. तिथे छिद्राऐवजी धातूचं टोकदार शेंडं वापरतात, वीसेक नॅनोमीटरचं. सहा मायक्रॉन लांबीच्या आसपासचा प्रकाश प्रथिनं स्वतःच शोषतात, त्यांच्या बंधांच्या ताणाताणीमुळे. मेद वेगळ्या लांबीचा शोषतो. म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा रंग असतोच, आपल्या डोळ्यांना तो नाही एवढंच. तंबाखूच्या पानावरचा विषाणू, 18 नॅनोमीटर जाडीचा, असा एकेकटा बघून झालाय. मोठी अडचण पाण्याची. पाणीही तोच प्रकाश पिऊन टाकतं.

"म्हणून पेशी वाळवायची."

"सध्या तरी."

"मग तुझीही पेशी मेलेलीच की गं."

"मेलेलीच," ती म्हणाली, "पण तू मारतेस तशी नाही." आणि दोघी हसलो. रात्री दीड वाजता असल्या गोष्टींवर हसू येतं.

नंतरचं स्कॅन लांबचं होतं, चाळीस मिनिटांचं. खोलीतले दिवे बंद, बोलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. मी शाल गुंडाळून बसले. चित्र चांगलं उतरत होतं, आणि तिसाव्या-चाळिसाव्या ओळीला आडवी एक पांढरी भगभगीत रेघ आली. मी सईकडे बघितलं. तिनं कान टवकारले. लांबून, बाणेरच्या दिशेनं, जड गाडीचा आवाज येऊन विरून गेला. तिनं टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली आणि हातानं लिही अशी खूण केली. वहीत रकाने आखलेले होते: वेळ, ओळ, शेरा. आमच्या रजिस्टरलाही शेवटचा रकाना शेऱ्याचाच असायचा. मोबाइलच्या उजेडात मी लिहिलं:

2.10 – ओळ 38 – ट्रक.

2.25 – ओळ 131 – आत्या शिंकली.